सगळ्यात जोरदार ठोसा कुठला?

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत टीममधल्या एका पोराने विचारलं, "दादा, तू बॉक्सिंगला जातोस ना? मग सांग, सगळ्यात पॉवरफुल पंच कुठला?" झालं! तिकडे बिल्ड तुटलेलं, आणि इकडे अर्धा तास कुणी जागचं हलेना. एक जण टायसनचा अपरकट घेऊन बसला, दुसरा ब्रूस ली घेऊन (त्याचा इथे काय संबंध देव जाणे). मी आपलं "डिपेंड्स" असं कन्सल्टंटी उत्तर दिलं आणि डबा उचलला. डबा उचलण्यामागे कारण होतं, त्यावर येतोच.

ज्यांना बॉक्सिंग म्हणजे फक्त 'रॉकी' माहीत आहे त्यांच्यासाठी: ठोसे मुळात चारच. उजव्या हाताचा माणूस डावा पाय पुढे ठेवून उभा राहतो. पुढच्या डाव्या हाताने सरळ मारला तो जॅब. मागच्या उजव्याने सरळ मारला तो क्रॉस. कोपर वाकवून बाजूने आणला तो हुक, आणि खालून हनुवटीकडे गेला तो अपरकट. बाकी सगळी याचीच व्हेरिएशन्स.

आता जोर. आमचे सर फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. पहिले दोन महिने त्यांनी मला एकच वाक्य ऐकवलं. "ए इंजिनिअर, हात कशाला रेटतोस? टाच फिरव, टाच!" मला वाटायचं, ठोसा हाताने मारायचा तर टाचेचं काय एवढं? पण सर बरोबर होते. १९८५ साली सोव्हिएत संशोधकांनी १२० बॉक्सरांच्या सरळ ठोशाचं मोजमाप केलं होतं. त्यात मुरलेल्यांच्या ठोशात पायांचा वाटा सुमारे ३८ टक्के आणि हाताचा जेमतेम २४ निघाला. नवख्यांमध्ये बरोबर उलटं: हात ३८, पाय १६. म्हणजे मी तेव्हा नक्की कुठल्या गटात होतो ते सांगायला नको.

या हिशोबाने क्रॉस जिंकायला हवा. मागचा पाय, कंबर, खांदा, सगळा ऐवज त्याच्यामागे असतो आणि मुठीला धावायला अंतरही भरपूर मिळतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरबेज बॉक्सरांचा मागच्या हाताचा सरळ ठोसा सरासरी ४८०० न्यूटन भरला, पुढच्या हाताचा २८५० च्या आसपास. ४८०० न्यूटन म्हणजे क्षणभरासाठी जवळजवळ ४९० किलोचा भार! पण २००५ मध्ये अमेरिकेत ऑलिम्पिक दर्जाच्या ११ बॉक्सरांना गाड्यांच्या अपघात चाचणीतल्या पुतळ्याच्या डोक्यावर ठोसे मारायला लावले, तर तिथे पहिला आला हुक, सरासरी ४४०० न्यूटन. माणसागणिक फरक मात्र बराच. आपल्या धंद्यातलंच आहे हे. बेंचमार्क बदला, विजेता बदलतो.

मला स्वतःला विचाराल तर क्रॉसची सगळ्यात सुंदर केस १९९४ ची. जॉर्ज फोरमन ४५ वर्षांचा, समोर २६ वर्षांचा जगज्जेता मायकेल मूरर. नऊ राऊंड फोरमन गुणांवर मागे. दहाव्यात एक आखूडसा उजवा हात गेला. लांबून फिरवून वगैरे काही नाही. मूरर पाठीवर आडवा, आणि पंचांनी दहा आकडे मोजले तरी उठला नाही.

हुकची केस अर्थातच जो फ्रेझर. लहानपणी साउथ कॅरोलिनातल्या शेतावर डुक्कर मागे लागलं म्हणून पळताना पडला, डावा हात मोडला, आणि तो पुढे कधी पूर्ण सरळ झालाच नाही. वाकलेला हात म्हणजे हुकसाठी तयारच! ८ मार्च १९७१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, पंधरावी राऊंड. त्या हाताने मुहम्मद अलीला जमिनीवर पाडलं. अली लगेच उठला, पण सामना फ्रेझरचा झाला.

आणि यकृत! यकृत उजवीकडे असतं, म्हणून डाव्या हाताचा हुक बरगड्यांखाली बसला की संपलं. २००४ साली नवव्या राऊंडमध्ये बर्नार्ड हॉपकिन्सने ऑस्कर डी ला होयाला तोच मारला. ऑस्कर शुद्धीत होता, वैतागून जमिनीवर हात आपटत होता, पण उठता येईना. मला हे खोटं वाटायचं. सरांनी एकदा मला तिथे नुसतं 'टेकवलं'. एक सेकंद काहीच नाही. मी हसलोसुद्धा. मग गुडघे आपोआप खाली गेले आणि श्वास कुठे ठेवला तेच आठवेना.

पण हुकमध्ये न्यूटनपेक्षा वाईट गोष्ट वेगळीच आहे. सरळ ठोसा डोकं मागे ढकलतो. हुक जबड्याच्या टोकाला बाजूने बसतो आणि डोकं गर्रकन फिरवतो. कवटी फिरते, आतला मेंदू मागे राहतो. हेडगार्डने भुवई फुटत नाही, पण हे फिरणं काही ते थांबवत नाही. शिवाय हुक नजरेच्या कडेने येतो. ठोसा दिसला तर मान आवळता तरी येते, न दिसलेल्याला शरीर तयारच नसतं.

गेल्या डिसेंबरची गोष्ट. हलकं स्पारिंग, हेडगार्ड, मोठे ग्लोव्ह्ज, सगळं नियमाने. समोर इंजिनिअरिंगचा पोरगा, १९ वर्षांचा, माझ्यापेक्षा चपळ. जॅब मारताना तो उजवा हात खाली सोडायचा. हे मी तीन आठवडे हेरून ठेवलं होतं. (बग सापडल्यावर जो आसुरी आनंद होतो तोच.) त्याने जॅब टाकला, मी टाच फिरवली. आयुष्यातला माझा सगळ्यात चांगला हुक. हाताला काही जाणवलंसुद्धा नाही, इतका स्वच्छ.

तो खाली बसला, हसला, उठला. बाकावर बसून पाणी प्यायला. मग विचारलं, "दादा, आपली राऊंड झाली का?" म्हटलं, झाली की. दोन मिनिटांनी पुन्हा, "दादा, आपली राऊंड झाली का?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सरांचा चेहरा बघितला आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

स्कॅन नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले पूर्ण विश्रांती, मोबाईलसुद्धा नको, आणि स्पारिंग काही महिने विसरा. त्याची आई धावत आली. तो पडल्या पडल्या म्हणाला, "अगं, चुकून लागलं." मी म्हटलं, "काकू, चुकून नाही. मी मारला." त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही एवढे मोठे, नोकरीवाले," एवढंच म्हणाल्या. त्याचा एक पेपर बुडाला तो बुडालाच.

सरांनी मला ओरडलं नाही. सहा आठवडे फक्त जॅब दिला. आता हुकची परवानगी आहे, बॅगेवर बसतोही झकास. समोर माणूस असला की मात्र हात मध्येच थांबतो.

तो मार्चपासून परत येतोय, अजून फक्त बॅगवर. गेल्या रविवारी ग्लोव्ह्ज सोडता सोडता जवळ आला. "दादा, तो हुक कसा मारला होतास? दाखव ना."

मी पॅड हातात चढवले आणि म्हटलं, "आधी उजवा हात गालाला लाव. तो तिथेच ठेवून शंभर जॅब मार, मग बघू."