नावडतीचे मीठ

गेल्या वर्षी जूनमध्ये मी एक बेस गिटार विकत घेतली. संतवाङ्मय शिकवणाऱ्या मराठीच्या अध्यापकाने चाळिशी उलटल्यावर हे काय आरंभले, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. आमच्या स्टाफरूममध्ये तो मोठ्याने विचारला गेला. म्हणून आधीच सांगून टाकतो की, ती माझ्यासाठी नव्हती. आमचे चिरंजीव आकुर्डीला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहेत आणि चार मित्रांबरोबर ते एक बँड चालवतात. त्यात ते बेस वाजवत, पण मित्राच्या गिटारीवर. दुसऱ्याच्या चपला घालून किती दिवस चालणार, या विचाराने माझ्यातला बाप जागा झाला.

बेस गिटारीला साधारणपणे चार तारा असतात. त्या साध्या गिटारीच्या तारांहून जाड आणि लांब. सर्वांत खालच्या तारेची कंपने सेकंदाला जेमतेम एक्केचाळीस, म्हणजे ऐकू येण्यापेक्षा छातीत जाणवणारीच अधिक. बँड वाजत असताना ती फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. थांबली की मात्र गाण्याखालची फरशी कोणी काढून नेल्यासारखे होते. हे ऐकून मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, "म्हणजे तुमचा तंबोराच की!" चिरंजीव थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "नाही बाबा. तंबोरा आणि पखवाज यांच्या मधलं काहीतरी." ही व्याख्या मला आवडली. वर्गात मी इतक्या थोड्या शब्दांत काही सांगितल्याचे स्मरत नाही.

पदार्थविज्ञानाच्या आमच्या एका सहकाऱ्यांचा भाचा जर्मनीला निघाला होता. त्याची गिटार विकायची होती. मी ती पाहायला गेलो आणि पाहताक्षणी भाळलो. मध्ये पिकलेल्या हापूसचा रंग, कडेला जांभळाच्या रसासारखी गडद झाक, आणि आकार असा की एखादे पाखरू आता पंख पसरून उडणार! पुष्कळ दिवाळी अंकांच्या मानधनाची बेरीज होईल एवढे पैसे मोजून मी ती घरी आणली. वाद्य मी डोळ्यांनी पाहून घेतले होते, ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही. चिरंजिवांनी पेटी उघडली, गिटार पाहिली आणि "छान आहे, बाबा," असे म्हटले. हा स्वर माझ्या परिचयाचा होता. मी एकट्याने जाऊन आणलेल्या साडीला आमच्या घरी याच पट्टीत "छान आहे" म्हणतात. पण पुरुषाची जातच अशी, की शब्द ऐकते आणि स्वर सोडून देते.

पुढचे तीन महिने तो ती गिटार रोज वाजवत होता. श्रावणाच्या सुमारास त्याच्या खोलीतून बामचा वास येऊ लागला. डाव्या मनगटाला पट्टी दिसली. विचारले, तर "कॉलेजात वर्कशॉप चालू आहे," एवढेच उत्तर. वर्कशॉपमध्ये कानस उजव्या हाताने ओढतात, हे टर्नरच्या मुलाला तरी कळायला हवे होते.

खरा उलगडा झाला तो म्हाळुंग्याला. ढोलकपटूच्या (त्याला ड्रमर म्हणावयाचे असते) मामांचा तिथे खोकी बनवण्याचा एक लहानसा गाळा आहे. गुरुवारी त्याला सुट्टी, म्हणून यांची तालीम गुरुवारी. एकदा मीही बरोबर गेलो. निगडीहून तळवडे आणि इंद्रायणी ओलांडून चाकणच्या बाजूला, कंटेनरांच्या रांगेतून वाट काढत. ज्या चाकणचा किल्ला फिरंगोजी नरसाळ्याने 1660 साली शाइस्तेखानाविरुद्ध लढवला, तिथे आता वाहतुकीशी लढाई असते. गाळ्यात पुठ्ठ्यांच्या थप्प्या लावून आवाज अडवला होता. तालीम संपल्यावर दोन पाहुणे आले. दोघेही बेस वाजवणारे. एक चाकणच्या कारखान्यात प्रेस शॉपमध्ये काम करणारा, दुसरा हिंजवडीला संगणकावर. मग जी चर्चा जुंपली ती ऐकून मला आमच्या विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाची आठवण झाली. फरक इतकाच की ही मुले विषयावर बोलत होती.

मला त्या संध्याकाळी पुष्कळ ज्ञान झाले. अमेरिकेत लिओ फेंडर नावाच्या गृहस्थांनी 1951 साली 'प्रिसिजन बेस' ही गिटार बाजारात आणली. हे मुळात रेडिओ दुरुस्त करणारे, आणि त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे! तोवर माणसाहून उंच असलेला बेस उभा धरून वाजवावा लागे आणि त्याला पडदे नसत. सूर अंदाजाने शोधावयाचा. फेंडरने पडदे दिले, म्हणून नाव 'प्रिसिजन', म्हणजे नेमकेपणा. पुढे जेको पास्टोरियस नावाचा एक विलक्षण वादक निघाला. त्याने आपल्या फेंडर बेसचे पडदे उपसून काढले, खाचा बुजवल्या आणि वर होडीला लावतात तसले राळेचे लुकण चढवले. एकाने ज्यासाठी आयुष्य वेचले ते दुसऱ्याने काढून टाकले, आणि दोघेही थोर ठरले.

तारांचेही तसेच. काहींच्या तारा वरून गुळगुळीत, काहींच्या खरखरीत. गुळगुळीत तारेचा आवाज गोल आणि मऊ, खरखरीत तारेचा लखलखीत, भांड्यासारखा. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारा जेम्स जेमर्सन गुळगुळीत तारा वापरी आणि तुटल्याखेरीज त्या बदलत नसे. हिंजवडीवाला म्हणाला, "मला तर तो आवाज चिखलात दगड टाकल्यासारखा वाटतो." प्रेस शॉपवाल्याने कानांना हात लावले. पॉल मॅकार्टनीच्या व्हायोलिनच्या आकाराच्या हॉफनर बेसवरही यांचे असेच भांडण. एक म्हणे ते खेळणे आहे, दुसरा म्हणे त्याच्याइतके हलके वाद्य नाही. मॅकार्टनी डावखुरा. त्याने 1961 साली हॅम्बुर्गला ती तीसेक पौंडांत घेतली, आणि घेण्याचे एक कारण असे की, तिच्या दोन्ही बाजू सारख्या असल्याने उलटी धरली तरी विद्रूप दिसत नाही. ती 1972 मध्ये चोरीला गेली आणि तब्बल पन्नास वर्षांनंतर सापडली. 2024 मध्ये ती परत मिळाल्याची बातमी आली. पसंतीची कारणे ही अशी असतात. मी हापूसच्या रंगावर भाळलो त्याची लाज मला त्यानंतर थोडी कमी वाटू लागली.

ती लाज परत आणली प्रेस शॉपवाल्याने. त्याने आमची गिटार गळ्यात अडकवली आणि दोन्ही हात सोडले. जू पाहून बैलाने मान टाकावी तशी तिची मान सावकाश खाली गेली आणि जमिनीकडे पाहू लागली. "हिची मान पडते, काका," तो म्हणाला. "पट्ट्याची खुंटी जिथं हवी तिथं नाही, आणि टोकाला चार जड खुंट्या. डाव्या हातानं तारा दाबायच्या का मान तोलून धरायची? मनगट जातं अशानं." नंतर त्याला माझ्याकडे पाहून काय वाटले कोण जाणे, घाईघाईने म्हणाला, "पण दिसायला एक नंबर आहे."

चिरंजीव पुठ्ठ्याच्या खोक्यावर बसून वायरी गुंडाळत होते. त्यांनी वर पाहिले नाही.

परतीच्या वाटेवर गप्प बसणे अशक्य झाले, म्हणून मी एक सिद्धांत मांडला. प्राध्यापक मंडळी अडचणीत सापडली की सिद्धांत मांडतात. म्हटले, बघ, प्रेसच्या दणदणाटात आठ तास काढणाऱ्याला मऊ आवाज आवडणारच, आणि गारेगार कचेरीत बसणाऱ्याला भांडी वाजलेली आवडणार. माणसाची आवड म्हणजे त्याच्या दिवसाला दिलेला जबाब. चिरंजीव म्हणाले, "तो चाकणला लागला यंदा, बाबा. गुळगुळीत तारा त्याच्या बारावीपासून आहेत." सिद्धांत तळवड्याच्या चौकात उतरून गेला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण मनगटाचे होतेच, पण त्याहून जुने दुसरे एक होते.

माझे वडील, अण्णा, पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होते. लेथवर टूल बोथट होत आले की नुसत्या आवाजावरून ओळखीत. पहिल्या चांगल्या बोनसमधून त्यांनी हार्मोनियम घेतली होती आणि एकादशीला कॉलनीतल्या भजनी मंडळात ते पेटी वाजवीत. वाजवीत म्हणजे गाणाऱ्यांना धरून ठेवीत. मी पुण्याला एम.ए.ला गेलो, तिथे ख्यालगायनाचे वेड असलेले मित्र भेटले, आणि आवडीपेक्षा नावडी लवकर शिकता येतात या नियमाने मी पेटीला नाक मुरडायला शिकलो. युक्तिवाद तयारच होते. पेटीचे सूर ठोकून बसवलेले, बारा घरांत कोंडलेले. दोन सुरांमधली मींड तिच्यातून निघत नाही, आपल्या श्रुती तिला परक्या. मूळ वाद्य पॅरिसचे, दबॅन नावाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पेटंट घेतलेले. पाय काढून तिला मांडीजवळ बसवली ती कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी. यातले काहीच खोटे नव्हते. सांगलीच्या कृ. बा. देवलांनी आणि क्लेमंट्स या आय.सी.एस. साहेबांनी विसाव्या शतकाच्या आरंभी श्रुतींची पेटी घडवण्याचा खटाटोप केला तो हीच उणीव भरून काढण्यासाठी. आणि शेवटचा बाण, खुद्द ऑल इंडिया रेडिओने 1940 च्या मार्चपासून पेटीला बंदी घातली होती. रवींद्रनाथांचा त्या बंदीला पाठिंबा होता. 1971 साली बंदी सैल झाली, तीही पुरती नव्हे.

हे सारे मी एका एकादशीच्या दुपारी, अण्णा भात्याची धूळ पुसत असताना, त्यांना ऐकवले. पेटी हे काही खरे वाद्य नव्हे, असे शेवटी म्हणालो. गोविंदराव टेंब्यांचे नाव मला तेव्हा माहीत नव्हते असे नाही. पेटीवर जीव असलेले पु. ल. देशपांडे 1950 च्या दशकात त्याच आकाशवाणीत नोकरीला होते, हेही ठाऊक होते. पण नावडतीचे मीठ अळणी ठरवायचेच म्हटल्यावर बरणी उघडून बघतो कोण!

अण्णांनी सगळे ऐकून घेतले. म्हणाले, "दिवसभर मशीनचा आवाज कानात भरलेली माणसं येतात रे. त्यांना सूर सापडत नाही. तंबोरा सूर दाखवतो, पण ज्याला दिसतो त्याला. पेटी बोट धरून नेते." आणि पुन्हा भाता पुसू लागले.

एवढेच. भांडण नाही, काही नाही. त्या संध्याकाळी ते भजनाला पेटी घेऊन गेले. पण निवृत्तीनंतर कॉलनी सोडून आम्ही प्राधिकरणात राहायला आलो, तेव्हा ती त्यांनी आपल्या हाताने माळ्यावर ठेवली. मी काढून देऊ का म्हणून विचारले, तर "राहू दे, तुझ्या अभ्यासात आवाज नको," असे म्हणाले. त्यांना जाऊन आता दहा वर्षे होतील. माझ्या नावडीची किंमत त्यांनी भरली, आणि माझ्या आवडीची माझा मुलगा मनगटावर बाम चोळून भरत होता. एकानेही तोंडातून अक्षर काढले नाही. दोन्ही बाजूंनी सभ्य माणसे असण्याचा हा तोटा मोठा आहे.

पुढच्या रविवारी मी स्वतःहून विषय काढला. "मान पडते तर बदलून टाकू," एवढेच म्हणालो. तो अर्धा मिनिट भिंतीकडे पाहत राहिला आणि मग "पण तुम्हाला ती आवडली होती," म्हणाला. म्हटले, मला ती गळ्यात घालायची नाही.

पुण्यातल्या एका दुकानात जुनी देऊन नवी घ्यायचे ठरले. नवी म्हणजे दुसऱ्या कोणाची जुनी. दोन तास चिरंजीव एकामागून एक गिटारी मांडीवर घेत होते आणि मी स्टुलावर बसून होतो. एकीची मान त्याला जाड वाटली, दुसरीची बारीक. दुकानदाराने मोजून दाखवले, वरच्या टोकाशी एक चव्वेचाळीस मिलिमीटर रुंद, दुसरी अडतीस. माझ्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच. सहा मिलिमीटर! टर्नरच्या हिशेबात हे मैलाचे अंतर. अण्णा असते तर त्यांनी एका स्पर्शात सांगितले असते, कदाचित या पोराची बाजूही घेतली असती. अखेर त्याने जी निवडली ती पाहून मला खरोखर वाईट वाटले. मळकट काळी, कोपरा उडालेली, पाठीवर कोणाच्या तरी पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे. पण त्याने ती गळ्यात घालून हात सोडले, आणि मान जिथल्या तिथे राहिली. त्याच्या चेहऱ्यावर जे आले ते जूनमध्ये आले नव्हते.

येताना स्कूटर तो चालवत होता आणि गिटार पाठीला लावून मी मागे. नाशिक फाट्याच्या सिग्नलला त्याने मान न वळवता विचारले, "खरं सांगा बाबा, आवडली?"

"अजिबात नाही," मी म्हणालो.

तो इतक्या मोठ्याने हसला की शेजारचा रिक्षावाला पाहू लागला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "आजोबांची पेटी आहे ना माळ्यावर? कुठल्या पट्टीत वाजवायचे ते?"

"काळी दोन," मी म्हणालो. "पण भाता उंदरांनी खाल्लाय."

"भाता मिळतो नवा," तो म्हणाला, आणि सिग्नल सुटला.