खिन्न मन आणि रोजचा क्रम

आमची आई वारली, त्या वर्षी आम्ही हैदराबादेस राहत होतो. मराठवाड्यातील आमचे खेडे सोडून पोटापाण्यासाठी या शहरी आलो, त्यास फार दिवस झाले नव्हते. गनफौंड्रीच्या सेंट जोसेफ कॅथीड्रलपासून आमची खोली जवळच होती. त्या देवमंदिराच्या मनोऱ्यांतील घंटा १८९२ साली इटलीतील मिलान शहराहून आलेल्या आहेत. एरवी त्यांचा नाद ऐकून आम्हांस धीर वाटे. त्या दिवसांत मात्र आम्ही कान झाकून पडून राहत असू. मिस्सा चुकू लागली, जपमाळ खुंटीवरच राहिली. देवाने आपणांस टाकले असे वाटे. आणि असे वाटते म्हणजे आपली श्रद्धाच खोटी, ही दुसरी टोचणी मनास लागे.

शेजारी एक वृद्ध तेलुगू विधवा राहत असे. सारी आळी तिला अम्मा म्हणे. नळाला एक दिवसाआड पहाटे पाणी येई. एके पहाटे तिने आमचे दार ठोठावले आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, “बाबू, रडायचे ते मग रड. आधी पाणी भर. नाहीतर दोन दिवस पिणार काय?”

आम्ही चिडूनच उठलो. घागरी भरल्या, स्नान केले, चहा ठेवला. इतक्यात घंटा वाजली. क्रूसाची खूण करून आम्ही प्रार्थना म्हटली. तिच्यात गोडी कसली ती नव्हती; पण दिवस सुरू झाला होता. पुढे रोज सायंकाळी अम्मा तेलुगूत जपमाळ सांगे व आम्ही मराठीतून उत्तर देत असू.

राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात एलिया संदेष्टा झुडुपाखाली मरण मागत निजला आहे. देवाने त्यास प्रथम उपदेश केला नाही. दूताकरवी भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा जेवू घातले. मग चाळीस दिवसांच्या वाटेला लावले.

संत फ्रान्सिस दि सेल्स यांनाही विद्यार्थिदशेत पॅरिस येथे घोर निराशेने ग्रासले होते. मराठवाड्यातील खेड्यांत सुवार्ता नेणारे धर्मगुरू त्यांच्याच नावाच्या संस्थेचे होत. भक्तिमय जीवनावरील आपल्या १६०९ सालच्या ग्रंथात ते खिन्न माणसास सांगतात की, रुची नसली तरी प्रार्थना सोडू नये, हात कामात गुंतवावे, ख्रिस्तप्रसाद घ्यावा आणि आपले मन धर्मगुरूपुढे उघडे करावे.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. झोप व अन्न आठवडेच्या आठवडे तुटले, किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात आला, तर ते दुखणे समजून डॉक्टरांकडे जावे. तापावर औषध घेणे हा अविश्वास नव्हे, तसेच हेही. सरकारचा १४४१६ हा मोफत दूरध्वनी रात्रंदिवस चालू असतो व त्यावर मराठीतही बोलता येते.

वाचकहो, तुमच्या गावी नळ नसेल, विहीर असेल. घंटा नसेल, कोंबडा आरवत असेल. उद्या मन उठले नाही तरी शरीर उठवा, पाणी भरा, क्रूसाची खूण करा. आणि शेजारचे दार दोन दिवस बंद दिसले, तर अम्मासारखे जाऊन ते ठोठवा.