‘नाही’ची जागा

माझे बालपण मालेगावात गेले. घरी उर्दू, शाळेत उर्दू, मोहल्ल्यातही उर्दू. मराठी फक्त पुस्तकात होती; परीक्षा संपली की तीही संपे. बी.एड. झाल्यावर एका लहान गावी नोकरी लागली आणि वयाच्या पंचविसाव्या वर्षी मी खरोखर मराठी बोलू लागले.

सुरुवातीला ती सोपी वाटली. ‘मैं किताब पढ़ती हूँ’ म्हणजे ‘मी पुस्तक वाचते’. दोन्हीकडे कर्ता आधी, मग कर्म आणि शेवटी क्रियापद. शब्द बदलले की झाले, असे मला वाटे.

शेजारच्या काकूंना माझे फार कौतुक. एके दिवशी त्या म्हणाल्या, “बाई, रविवारी आमच्या ताईचा साखरपुडा आहे. नक्की या हं!” त्या दिवशी मला मालेगावला जाऊन आजारी अम्मीला भेटायचे होते. मनात ‘मैं नहीं आऊँगी’ असे वाक्य आले. मी शब्द बदलले आणि म्हणाले, “मी नाही येणार.”

काकूंचा चेहरा उतरला. त्या मुकाट्याने निघून गेल्या. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

शाळेतल्या एका बाईंना मी हे सांगितले. त्या म्हणाल्या, “अहो, हा तर हट्टाचा नकार झाला! ‘मला येता येणार नाही’ असे म्हणायचे.” तेव्हा उलगडा झाला. उर्दूत ‘नहीं’ क्रियापदाच्या आधी येते. मराठीत साध्या वाक्यात ‘नाही’ क्रियापदानंतर येते. ते आधी आणले की बोलण्याला जोर चढतो. जिथे दोन भाषा सारख्या वाटतात, तिथेच आपण बेसावध राहतो.

बी.एड.च्या वेळी वाचलेले आठवले. इटली, स्पेन व पोर्तुगालमधून जर्मनीत कामाला गेलेल्या मोठ्या माणसांविषयी १९८१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. जर्मन वाक्यात क्रियापद कोठे ठेवायचे, हे ती माणसे एकदम शिकली नाहीत. एकेक पायरी चढत शिकली. गौण वाक्यात क्रियापद शेवटी नेणे ही सर्वांत शेवटची पायरी होती. मग मीही एक पायरी चढत होते!

त्याच संध्याकाळी मी काकूंकडे गेले. “काकू, माझे ‘नाही’ चुकीच्या जागी बसले,” असे म्हणून सारी हकिकत सांगितली. त्या खळखळून हसल्या. रविवारी मी निघाले, तेव्हा त्यांनी अम्मीसाठी पेढ्यांचा डबा माझ्या हाती दिला.

मुलांनो, बोलताना चुकले तर लाजू नका. मात्र कोणाचे मन दुखावले, तर लगेच जाऊन भेटा.