वेळ थांबवण्याचे नियम

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात जादूगाराला नवव्या लेव्हलचे, म्हणजे सगळ्यांत वरचे, जे मोजके स्पेल मिळतात त्यांतला 'टाइम स्टॉप' मला आजवर सर्वांत जास्त छळत आलाय. ऐकायला किती सोपा: जग थांबतं, तुम्ही हलता. प्रत्यक्षात तो कुणी टाकला की खेळ थांबतो आणि वाद हलायला लागतो.

आमची पहिली गाठ इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर पडली. 2000 साली खेळाची तिसरी आवृत्ती आली, तेव्हा प्रकाशकांनी नियमांचा मोठा भाग खुल्या परवान्याखाली मोफत दिला. त्याच्या प्रिंटआउटवर आम्ही खेळायचो. चार बाजूंचा फासा आमच्याकडे नव्हता, म्हणून चिठ्ठ्या उचलायच्या. त्या आवृत्तीत गंमत अशी, की वेळ थांबतच नव्हती! जादूगारच इतका वेगवान होई की बाकीचे गोठल्यासारखे दिसत. मग गोठलेल्या राक्षसाला साधा सुरा मारता का येऊ नये? नियम म्हणे, नाही येत. का, ते विचारायचं नाही. स्फोट होणारा गोळा उशिराच्या बोलीवर पायाशी ठेवून मात्र येता येई, आणि अख्ख्या होस्टेलला तेच आवडे.

पुढे जुनी पुस्तकं हाती आली. 1989च्या दुसऱ्या आवृत्तीत 15 फूट त्रिज्येच्या गोलापुरतीच वेळ थांबायची. बाहेरच्याला फक्त क्षणभर झगमग दिसे. 2014च्या पाचव्या आवृत्तीनं वेगही टाकला आणि गोलही. जादूगाराला ओळीनं 2 ते 5 टर्न मिळतात. त्यानं दुसऱ्या कुणावर परिणाम केला किंवा तो 1000 फुटांपलीकडे गेला, की स्पेल संपतो. आता शत्रूभोवती जादूचा पिंजरा उभा केला, तर हा 'परिणाम' झाला का? त्याला तर कुणी बोटही लावलेलं नाही. यावर भल्याभल्यांच्या संध्याकाळी गेल्या आहेत.

खरं तर हा नियम आम्हा पोरींना अंगणातच ठाऊक होता. मूठ तोंडाशी नेऊन 'टाइमप्लीज' म्हटलं की कुणी आऊट करायचं नाही. आणि म्हणणारीनंही चप्पल नीट करावी, पाणी प्यावं, पण तेवढ्यात पुढे सरकून बसायचं नाही. वेळ म्हणजे काय असल्या चर्चेत कुणी पडत नसे. कुणाला काय करता येणार नाही, एवढंच पक्कं असे.

डीएम, म्हणजे खेळ चालवणारी डंजन मास्टर, म्हणून माझ्या टेबलासाठी हा स्पेल नव्यानं लिहायला घेतला, तेव्हा आधी त्यातून वेळच काढून टाकली. खेळात वेळ नसतेच, टर्न असतात. माझा मजकूर साधारण असा: तुमची टर्न संपली की पुन्हा तुमचीच. दुसऱ्या कुणाला इजा होईल, तो हलेल किंवा त्याची वाट अडेल असं काही केलंत, की ती टर्न शेवटची. म्हणजे पिंजरा चालेल, पण तो घातला की संपलं. किती टर्न मिळणार याचा फासा मी पडद्याआड टाकते आणि आकडा सांगत नाही. आकडा कळला की जादूगार हिशेब मांडून बसतो. नाही कळला, की घाबरून खेळतो. नवव्या लेव्हलच्या जादूला थोडी भीती हवीच.

एक कलम कुठल्याच आवृत्तीत सापडत नाही, ते मी घातलंय: प्रत्येक जादा टर्न वाळूच्या घड्याळाच्या एका मिनिटात उरकायची. कारण राक्षसाची वेळ खोटी थांबते, पण टेबलाभोवतीच्या मित्रांची खरी. एकट्या जादूगाराच्या पाच टर्न चालू असताना बाकीचे फोन उघडून बसतात, हा या स्पेलचा सर्वांत मोठा दोष. पुस्तकातल्या भाषेची गुंतागुंत त्यापुढे किरकोळ.

जानेवारी 2023पासून पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आहेत. श्रेय दिलं, की ते कुणीही बदलावेत, मराठीत लिहावेत, विकावेतसुद्धा. तेव्हा माझं कलम पटलं नाही, तर तुमचं घाला. फक्त पिंजऱ्याचा निकाल आधी लावून ठेवा. हा स्पेल 17व्या लेव्हलच्या जादूगाराच्या हाती पडतो, आणि तोवर तो कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत उरलेला नसतो.