लॉगिन नाव म्हणजे माणूस नव्हे

वेबकॅलेंडर हे पीएचपीतलं मुक्त स्रोत कॅलेंडर मी सांभाळते. त्यात सगळ्यात जपून करावं लागणारं काम कोणतं, असं विचारलं तर मी वापरकर्त्याचं लॉगिन नाव बदलणं असंच सांगेन. वरवर पाहता युजरच्या टेबलातली एक ओळ बदलायची असते. पण त्या टेबलाची प्रायमरी की म्हणजे लॉगिन नावच, 25 अक्षरांपर्यंतचं, आणि तेच नाव इतर टेबलांत जागोजागी लिहिलेलं असतं: कार्यक्रम कोणी नोंदवला, त्यात कोण सहभागी आहे, कोण कोणत्या गटात आहे, कोणाच्या आवडीनिवडी काय. साहेब आणि सहायक यांच्या टेबलात तर ते दोन रकान्यांत येऊ शकतं. दुसऱ्याचं कॅलेंडर पाहण्याच्या परवानगीतही तसंच. परकीय कीची बंधनं स्कीमात नसल्यामुळे एखादा रकाना राहून गेला तरी डेटाबेस तक्रार करत नाही. सहायकाची परवानगी गुपचूप नाहीशी होते, आणि कारण शोधायला कुठे एरर मेसेजही नसतो.

माझं म्हणणं असं की दोष बदलणाऱ्याच्या हाताचा नसून नावालाच की करण्याचा आहे. रिलेशनल मॉडेल मांडणाऱ्या ई. एफ. कॉड यांनी 1979च्या निबंधातच ही अडचण दाखवली होती: वापरकर्त्याच्या ताब्यातली की बदलू शकते, म्हणून ओळखीसाठी यंत्रणेने स्वतःची वेगळी खूण द्यावी. यावर पहिला आक्षेप येतो तो 'ऑन अपडेट कॅस्केड'चा: मूळ की बदलली की परकीय कीने जोडलेल्या ओळी डेटाबेस आपोआप बदलेल. ही सोय एसक्यूएलच्या 1992च्या मानकात आहे, पण ओरॅकलमध्ये नाही, आणि मायएसक्यूएलच्या मायआयसॅम टेबलांत परकीय की पाळलीच जात नाही. शिवाय कॅस्केड डेटाबेसच्या बाहेर पोचत नाही. प्रकाशित कॅलेंडरच्या पत्त्यात लॉगिन नाव असतं. ते बदललं की बाहेरच्या सबस्क्रिप्शन तुटतात. नावच की असेल तर जॉइन न करता ओळ वाचता येते, हे खरं. पण ती सोय एक व्ह्यू बनवूनही मिळते.

दुसरा आक्षेप जास्त कठोर आहे: नाव बदलूच देऊ नका, नवं खातं काढा. तसं केलं की माणसाच्या जुन्या बैठका एका खात्यात आणि पुढच्या दुसऱ्यात जातात. आणि लोक नाव हौसेने बदलत नाहीत. लग्न होतं, रोमन स्पेलिंग पहिल्या दिवशीच चुकलेलं असतं, संस्था ईमेललाच लॉगिन करायचं ठरवते (आणि तो पत्ता अनेकदा 25 अक्षरांत मावत नाही). घटस्फोटानंतर माहेरचं आडनाव परत घेतलेल्या बाईला रोज जुन्या आडनावाने लॉगिन करायला लावणं मला अन्याय वाटतो.

खरा पेच आहे लॉगच्या टेबलाचा. कोणी, कोणाच्या कॅलेंडरात, केव्हा बदल केला हे तिथे नावानेच लिहिलेलं असतं. तिथलं नाव बदलावं, तर त्या वेळी न घडलेली गोष्ट नोंदीत येते. तसंच ठेवावं, तर दुवा तुटतो. अशा वेळी जुन्या-नव्या नावांचं तारखेसह वेगळं टेबल ठेवून लॉगला हात न लावणं मी योग्य मानते. की अर्थहीन क्रमांक असती, तर हा पेच पडलाच नसता.

जुनी रचना एका दिवसात बदलत नाही, म्हणून तोवरची शिस्त. नाव असलेल्या सगळ्या रकान्यांची यादी स्कीमातूनच काढावी, आठवणीतून नव्हे. बॅकअप घ्यावा, अ‍ॅप बंद ठेवावं, सगळे बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करावेत. टेबलं मायआयसॅमची असतील तर रोलबॅक मिळणार नाही हे आधीच ओळखावं. नवं नाव युजर टेबलात नाही, एवढंच पाहून थांबू नये. कधीकाळी काढून टाकलेल्या माणसाच्या ओळी त्याच नावाने इतरत्र उरल्या असतील, तर त्याचे खासगी कार्यक्रम नव्या माणसाच्या नावावर जातात. आणि नवं कॅलेंडर रचणाऱ्यांना विनंती एवढीच: प्रत्येक खात्याला क्रमांक द्या, आणि एकदा दिलेला क्रमांक पुन्हा कोणालाही देऊ नका.