धीर धरणे आणि तक्रार करणे

अमरावतीहून परतवाड्यामार्गे चिखलदऱ्याचा घाट आम्ही आजवर अनेकदा चढलो. कधी विद्यार्थ्यांची सहल घेऊन, कधी पाहुण्यांना गाविलगड दाखवायला. यंदाच्या श्रावणात गेलो ते मात्र केवळ झोप काढण्यासाठी. घरी आई तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली आहे. खुब्याचे हाड मोडल्याचे निमित्त झाले आणि पाठोपाठ विस्मरणही आले. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागते. बहीण चार दिवसांसाठी आली आणि तिने आम्हा दोघांना जवळजवळ घराबाहेर ढकलले.

धुके असे होते की समोरची दरी दिसत नव्हती. सोबत दोनच पुस्तके होती, ‘स्मृतिचित्रे’ आणि पवित्र शास्त्र.

आमच्या ख्रिस्ती घरांत अशा प्रसंगी हमखास एक उपदेश मिळतो : ईयोबासारखा धीर धरा. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्या दिवशी ईयोबाचे पुस्तक सलग वाचले, तेव्हा ज्याचा दाखला दिला जातो तो सोशिक ईयोब पहिल्या दोन अध्यायांतच संपतो हे ध्यानात आले. तिसऱ्या अध्यायात तो आपल्या जन्मदिवसालाच शाप देतो आणि पुढे अध्यायामागून अध्याय देवाशी वाद घालतो. अखेरीस देव रागावतो तो त्याच्या मित्रांवर, म्हणजे नीटनेटकी समजूत घालणाऱ्यांवर. तक्रार करणाऱ्या ईयोबालाच त्यांच्यासाठी प्रार्थना करावी लागते. साहित्याच्या अध्यापकांनी ही रचना इतकी वर्षे नजरेआड करावी, याची आम्हांला थोडी लाजच वाटली.

मराठीत या गुणाला शब्द पुष्कळ आहेत : सोशिकता, सहनशीलता, तितिक्षा, चिकाटी, धीर. पैकी सोशिकतेचे कौतुक आपण बहुधा स्त्रियांच्या वाट्याला देतो आणि त्यात गप्प राहण्याची अट गृहीत धरतो. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल संकटापासून आशेपर्यंत जी पायरी-पायरीची मांडणी करतो, तिच्यातील मूळ ग्रीक शब्द ‘हुपोमोने’ असा आहे. त्याची फोड ‘खाली टिकून राहणे’ अशी होते. ओझ्याखालून पळायचे नाही, एवढीच त्याची मागणी. ओझे जड आहे असे म्हणू नये, हे त्या शब्दात कोठेच नाही.

लक्ष्मीबाई टिळकांकडे या दृष्टीने पाहावे. नारायण वामन टिळकांनी 1895मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या मागे राहिल्या. त्या रडल्या, चिडल्या, दुरावल्या. स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या त्या सुमारे पाच वर्षांनी. ‘स्मृतिचित्रे’तील त्यांचा धीर हा हसणाऱ्या, भांडणाऱ्या, नवऱ्याचा विक्षिप्तपणा बारकाईने टिपणाऱ्या बाईचा धीर आहे. 1919मध्ये टिळक गेले, त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी, ज्यांना रीतसर शालेय शिक्षण मिळाले नव्हते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण अधिक कठोर आहे. केडगावच्या मुक्तिसदनाचा व्याप सांभाळत त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि वर्षानुवर्षे बायबलचे मराठी भाषांतर करीत राहिल्या. 1921मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा गेली. तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. छापलेला ग्रंथ 1924मध्ये बाहेर आला. त्या काळातील त्यांचा एखादा दिवस कसा उजाडत असेल, याचा विचार आम्ही बराच वेळ केला. तेव्हा जाणवले की वर्षांचा हिशेब कोणालाच पेलत नाही. त्या दिवशीचा अध्याय, त्या दिवशीचे मुद्रित, एवढेच माणसाच्या हाती असते.

एक गोष्ट आम्ही एकमेकांनाही आजवर सांगितली नव्हती. आता हे संपावे, असे आम्हां दोघांच्या मनात अनेकदा आले होते. त्याचा अर्थ काय होतो हे कळत असूनही आले होते. त्या रात्री पाऊस कोसळत असताना ते प्रथम बोलून दाखवले. प्रार्थनेतही तेच सांगितले, काही न सजवता. स्तोत्रकर्ता ‘किती काळ?’ हा प्रश्न देवाला पुन्हा पुन्हा विचारतो. मग आम्हीच का विचारू नये? उत्तर आले नाही. मात्र झोप आली, आणि ती सकाळपर्यंत टिकली.

परत येताना बहिणीसाठी चिखलदऱ्याचा खवा व थोडी कॉफी घेतली. आईने आम्हांला ओळखले की नाही, ठाऊक नाही. रात्री दोन वाजता कूस बदलताना मात्र तिने डोळे उघडले आणि विचारले, “झोपले नाही का बाप्पा तुम्ही अजून?”

“नाही, आई. थकलो आहोत,” आम्ही म्हणालो.

तीन वर्षांत प्रथमच खरे सांगितले. तिने मान हलवली. आम्ही उशी सारखी केली आणि चारचा गजर लावला.