एकाच रंगाचे पेले

फ्रान्समधील दिजों शहराचे १९४५ ते १९६८ पर्यंतचे महापौर फेलिक्स कीर पाहुण्यांचे स्वागत ज्या पेयाने करीत, त्याला पुढे त्यांचेच नाव मिळाले. कृती सोपी : पेल्यात ब्लॅककरंटचे गोड लिकर १ भाग, वरून थंडगार पांढरी वाइन ९ भाग.

मयूर विहारमधल्या एका मराठी घरात, फ्रान्सहून परतलेल्या मुलाने जेवणाआधी सर्वांसाठी कीर बनवले. बाटली पाहताच आजी मुकाट्याने उठल्या. सुनेने चटकन तशाच पेल्यात अमृतकोकम ओतले, थंड पाणी घातले. तोच लालसर रंग! आजी पुन्हा खुर्चीवर टेकल्या.

नातवाचे पिणे त्यांना आजही पटत नाही. पण आता त्या उठून जात नाहीत.